सुरूच्या बनातल्या बाटल्या : वाडीतल्या उघड्यावरच्या दारूवर नेमकं काय करता येतं?

खाजणकाठ · शनिवार, रात्री ९.१०

मालवण-वेंगुर्ला पट्ट्यातली, किनाऱ्याला लागून असलेली वाडी. ग्रामपंचायत हद्द. अंधार पडला की तीन जागी बैठका बसतात: सुरूचं बन, एस.टी.ची निवारा शेड, आणि रस्ता संपतो तिथली मोकळी जागा, जिथे बाहेरच्या गाड्या लागतात. शिवीगाळ, वाटेत बाटल्या फोडणं, गाडीतला मोठा आवाज. बायकामुलांनी संध्याकाळी तिन्ही वाटा सोडल्यात. ग्रामसभेत दोनदा ठराव झाला, "पोलिसांनी योग्य तो बंदोबस्त करावा." ठराव फायलीत, बाटल्या बनात.

दारू वाईट हे सगळ्यांना मान्य आहे, त्यावर धागा नको. अर्ज कुणाकडे, कलम कुठलं, दिवा कसला, खांब किती अंतरावर, काय केलं की फसतं, एवढंच लिहा.

पंचनामा · रात्री ९.४८

आधी ठराव फसलाय, पोलीस नंतर. "योग्य तो बंदोबस्त" या शब्दांवर कोणालाच काही करता येत नाही. बीट अंमलदार एक आणि त्याच्याकडे गावं कितीतरी. तो आठवड्यातून तास-दोन तास देऊ शकतो. ते नेमके कुठले तास, हे तुम्ही सांगायचं.

चार आठवडे एक नोंदवही ठेवा. रकाने: तारीख, वार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, जागा, माणसं किती, वाहनं किती, काय केलं (नुसतं पिणं, शिव्या, बाटली फोडणं, वाट अडवणं, आवाज). जागा लिहिताना "बनाजवळ" असं नको. महावितरणच्या खांबांवर नंबर रंगवलेले असतात, ते लिहा: "खांब अमुक ते अमुकच्या मध्ये, समुद्राच्या बाजूला." फोन आला की गाडी सरळ तिथे जाते, चौकशीत वेळ जात नाही.

दुसरी गोष्ट, सकाळी बाटल्या मोजा. कोण पितंय ते बाटलीवरून बरंच कळतं. नव्वद आणि एकशेऐंशी मिलीच्या देशीच्या बाटल्या जास्त असतील तर पिणारे जवळपासचे, रोजचे. साडेसहाशेच्या बिअरच्या बाटल्या, बर्फाच्या पिशव्या आणि चकण्याची पाकिटं असतील तर माल गार असताना आणलाय, म्हणजे दुकान दहा मिनिटांच्या आत आहे. लेबलवर "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असा मजकूर दिसला तर मामला निराळा, तो राज्य उत्पादन शुल्काचा. त्या बाटलीचा बॅच नंबर दिसेल असा फोटो ठेवा.

माणसांच्या तोंडाचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. एक माणूस चुकीचा ओळखला गेला की पुढचे सहा महिने गावात दारूचा विषय राहत नाही, फोटोचा राहतो.

दर्यावर्दी_बाबलो · रात्री १०.०२

तुमी सांगतास तां बरोबर, पण कायदो आसा तरी खंय? पोलीस येतत, "चला रे उठा" म्हणतत, आणि गाडी वळली की परत ग्लास भरतत. उघड्यार पिणां हो गुन्हो आसा की नाय, तां पयलां सांगा.

पंचनामा · रात्री १०.४०

आहे. बाबलोंचा प्रश्न मुळातला आहे म्हणून जरा सविस्तर.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ अजून लागू आहे. लोकांना वाटतं बंदी उठली, पण कायद्याने मूळ स्थिती बंदीचीच आहे. परवाना असेल तेवढ्यापुरती सूट. आणि पिण्याचा परवाना खिशात असला तरी सार्वजनिक जागेत बसून पिण्याची मुभा त्यातून मिळत नाही. रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी नशेत स्वतःला सांभाळता न येणं किंवा बेशिस्त वागणं, हे त्याच कायद्याचं कलम ८५. भारतीय न्याय संहितेत कलम ३५५ : नशेत सार्वजनिक ठिकाणी येऊन लोकांना त्रास होईल असं वागणं, २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. शिक्षा छोटी दिसते, पण समाजसेवेचा पर्याय तिथे आहे हे लक्षात ठेवा. अश्लील शिवीगाळ असेल तर कलम २९६. बाईला उद्देशून काही बोलला असेल तर ७९, आणि ते तक्रारीत वेगळं लिहा, "गैरवर्तन" या शब्दात गुंडाळू नका. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ ची ११० आणि ११२ ही कलमं, शिक्षेसाठी ११७. पोलिसांच्या तोंडी "एकशेदहा-सतरा" येतं ते हेच.

मग "चला उठा"वर का भागतं? कारण ८५ची केस उभी करायची तर माणसाला वैद्यकीय तपासणीला न्यावं लागतं. ग्रामीण रुग्णालय लांब, डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे, पुढे पंचनामा. एका माणसामागे दोन-तीन तास आणि दोन कर्मचारी जातात, तोवर ठाण्यात एकच उरतो. त्यात पंच मिळत नाहीत. तक्रारीवर सही करणारे चाळीस, पंच म्हणून उभं राहायला कोणी नाही, हे केस पडण्याचं सगळ्यात मोठं कारण. म्हणून अर्जासोबत पाच-सहा जणांची नावं लेखी द्या, जे बोलावल्यावर पंच म्हणून येतील. त्यात दोन बायका ठेवा. असा अर्ज ठाण्यात क्वचितच येतो, त्यामुळे तो वाचला जातो.

तेच तेच चेहरे असतील तर एकेका रात्रीच्या केसेस करत बसण्यापेक्षा चॅप्टर केस बरी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली पोलीस तहसीलदारांकडे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवतात. शांतता राखण्याचं एक वर्षापर्यंतचं बंधपत्र घेता येतं. बंधपत्र मोडलं तर रक्कम जाते. सराईत असेल तर कलम १२९, त्यात मुदत तीन वर्षांपर्यंत. जुन्या अर्जांत १०७ आणि ११० लिहिलेलं असतं. १ जुलै २०२४ पासून आकडे बदललेत, जुना नमुना तसाच उतरवू नका.

रणरागिणी_वाडी · रात्री ११.१५

एवढ्या कलमांपेक्षा दुकानच बंद करा ना. उभी बाटली आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घ्यावं लागतं. निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की परवाना बंद. राज्यात कितीतरी गावांनी केलंय.

पाणंद · रविवार, सकाळी ७.२०

ताई, मार्ग चांगला आहे, पण आपल्याकडे त्यात एक मोठी मेख आहे. निम्म्याहून जास्त म्हणजे झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या. कोकणात नाव गावच्या यादीत आणि माणूस भांडुपला. चाकरमान्यांच्या बायकांची नावं यादीत असतात. त्या आल्या नाहीत की त्यांचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या खात्यात. यादीत ६०० महिला असतील आणि मुंबईला १८० असतील, तर गावात उरल्या ४२०, आणि लागतात ३०१. म्हणजे हजर असलेल्यांपैकी जवळपास चारांत तीन. म्हणून आधी यादी घेऊन घरोघर फिरा, मयत आणि कायमच्या बाहेर गेलेल्यांची नावं रीतसर वगळण्यासाठी अर्ज भरा, आणि मतदानाची तारीख मे महिन्यात किंवा गणपतीच्या दिवसांत मिळावी असा आग्रह धरा. सह्यांमध्येही तेच: एकाच हाताच्या दहा सह्या दिसल्या की पडताळणीत उडतात. २५ टक्के लागतात तर ३५ टक्के गोळा करा.

दुसरं म्हणजे दुकान बंद झालं तरी गोव्याचा माल थांबत नाही. तिथे कर कमी, बाटली स्वस्त. सीमेवर इन्सुलीला तपासणी नाका असला तरी आडवाटा आहेत. परवान्याचं दुकान गेलं की तीच बाटली दुचाकीच्या डिकीतून घरपोच येते. तिला ना वेळ, ना वयाची अट. दुकान बंद करू नका असं म्हणत नाही. ते करताना त्याच ग्रामसभेत ग्रामरक्षक दलाचाही ठराव घ्या. २०१६ च्या दुरुस्तीने दारूबंदी कायद्यात हे दल आलं, ते अवैध दारूची माहिती देण्यासाठीच आहे. दलाचं काम माहिती देणं. झडती घेणं नाही, मारणं तर नाहीच.

रणरागिणी_वाडी · सकाळी ८.०५

यादीचा मुद्दा मान्य. आमच्याकडचं निवेदन थांबवून आधी यादी तपासायला घेते. पण परवानाधारक दुकानदाराला मोकळं सोडू नका. बिअर शॉपीतून फक्त सीलबंद बाटली विकायची असते, तिथे ग्लास देता येत नाही.

पंचनामा · सकाळी ८.५०

बरोबर. आणि खरी जागा बहुतेक वेळा बिअर शॉपी नसून तिच्या शेजारची चायनीजची किंवा भुर्जीची गाडी असते. दुकानदार म्हणतो मी सीलबंद विकतो, गाडीवाला म्हणतो मी दारू विकतच नाही. दोघंही खरं बोलतात, आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बार चालू असतो. याला दारूबंदी अधिनियमाचं कलम ६८ (विनापरवाना गुत्ता चालवणं) गाडीवाल्यावर आणि ८४ तिथे बसून पिणाऱ्यांवर लागतं. ढाब्यांवर धाड पडते ती याच जोडीवर. अर्ज पोलीस ठाण्याला आणि उत्पादन शुल्क निरीक्षकाला, दोन्हीकडे एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या. एकाकडे दिला की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

गाडी ग्रामपंचायतीच्या जागेत किंवा रस्त्यावर असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अतिक्रमण हटवणं पंचायतीच्याच हातात आहे. पण सरसकट सगळ्या गाड्या उठवू नका. जी गाडी पिऊ देत नाही ती तिथे रात्री दहापर्यंत हवीच आहे, तेवढीच उजेड आणि वर्दळ. लेखी अट घाला: बसायला खुर्च्या नाहीत, रिकामे ग्लास विकायचे नाहीत. दारू बसायला जागा मागते, ती मिळाली नाही की गिऱ्हाईक उठतं.

जांभा · सकाळी १०.३०

जागेवर काय करायचं ते लिहितो. तिन्ही ठिकाणांचे उपाय वेगळे.

सुरूच्या बनात अडचण झाडांची नाही, आडोशाची आहे. जमिनीपासून दोन मीटरपर्यंतच्या खालच्या फांद्या छाटल्या की रस्त्यावरून आरपार दिसतं, आणि दिसतं तिथे कोणी निवांत बसत नाही. बरीच बनं वनखात्याने किंवा सामाजिक वनीकरणाने लावलेली आहेत, त्यामुळे कोयता लावण्याआधी लेखी परवानगी. केवडा आणि मर्यादवेल यांना हात लावू नका. आडोसा म्हणून केवडा तोडायचा मोह होतो, पण वाळू धरून ठेवणारं तेच आहे; दोन पावसाळ्यांत किनारा आत येतो. खाली पडलेला सुरूचा पाला मात्र जानेवारीपासून गोळा करा. बैठकीतली शेकोटी आणि तो वाळलेला पाला म्हणजे वणवा.

निवारा शेडची मागची भिंत कमरेपर्यंत ठेवून वर जाळी करा. तीन बाजूंनी बंद शेड म्हणजे गुत्ता. बाकावर झोपू नये म्हणून मध्ये लोखंडी दांडे ठोकायचं खूळ काही ठिकाणी निघालंय. त्याने सकाळी मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांचीच पंचाईत होते.

गाड्यांची जागा. वाहन वाळूत आणि बनात उतरूच नये म्हणून रस्त्याच्या टोकाला सिमेंटचे खांब. दोन खांबांमधली मोकळी जागा १.२ मीटर : लहानात लहान मोटारही साधारण दीड मीटर रुंद असते, ती अडते, व्हीलचेअर आणि डोक्यावर जाळं घेतलेला माणूस जातो. दुचाकीही जाते, तिला या अंतराने अडवता येत नाही, हे आधीच मान्य करा. खांब जमिनीवर ७५ सेंमी, खाली वाळूत ९० सेंमी, बुंध्याला काँक्रीट. खारी हवा असल्याने सळीवर किमान ५० मिमी काँक्रीटचं आवरण हवं. बाजारातल्या कुंपणाच्या खांबांत ते तेवढं नसतं, काही वर्षांत सळी फुगून खांब उभा चिरतो. एका बाजूला तीन मीटरचं कुलपाचं फाटक ठेवा, होडी ओढणारा ट्रॅक्टर आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी. किल्ल्या तीन: मच्छीमार सोसायटी, पोलीस पाटील, पंचायत. फाटक विसरलात तर पहिल्याच उधाणाच्या रात्री होड्या वर घेताना मच्छीमार खांब उपटून टाकतील, आणि त्यांचंच बरोबर असेल.

हे सगळं पंचायतीच्या रस्त्याच्या हद्दीत. भरतीरेषेच्या बाजूला काहीही गाडायचं तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी लागते, त्या भानगडीत पडू नका. आणि हो, एक मोठा हायमास्ट बसवा.

कासवाची_वाट · सकाळी ११.०५

हायमास्ट बिलकुल नको! जांभा, बाकी सगळं पटलं, पण हे नाही.

आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात, पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात, म्हणजे मेपर्यंत हंगाम. पिल्लू वाळूतून आलं की उजेडाच्या दिशेने धावतं. पांढरा हायमास्ट गावाच्या बाजूला असेल तर पिल्लं समुद्राऐवजी रस्त्यावर. वेळास, आंजर्ले इथे किनाऱ्यावरच्या दिव्यांबाबत काळजी घेतात ती उगाच नाही.

पर्याय: वाटेवर, चार मीटरपेक्षा कमी उंचीचे, खाली तोंड केलेले, समुद्राच्या बाजूने झाकण असलेले पिवळसर (२७०० केल्विन किंवा त्याहून पिवळे, अंबर मिळाले तर उत्तम) दिवे. किनाऱ्यावर उभं राहून बल्ब डोळ्यांना दिसता कामा नये, फक्त वाट दिसली पाहिजे. तसाही एक प्रखर दिवा दारूवर कुचकामी असतो. त्याच्या उजेडातून बघणाऱ्याला पलीकडचा काळोख आणखी दाट दिसतो, आणि बैठक वीस पावलं मागे सरकते. कमी प्रकाशाचे पाच दिवे एका झगझगीतापेक्षा बरे.

आणि एक हत्यार तुमच्या हाती आहे ते वापरा. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरटी असलेल्या किनाऱ्यावर गाडी नेली, शेकोट्या पेटवल्या, तर ती वनखात्याचीही बाब होते. वनरक्षकाचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर हवा.

जांभा · सकाळी ११.२०

हायमास्ट मागे घेतो. झाकणवाले दिवे.

तारमास्तर · दुपारी २.१५

कॅमेऱ्यावर कोणी तरी येणारच, म्हणून आधीच लिहितो. निम्मे पैसे इथे वाया जातात.

४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे आडवे २५६० ठिपके. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला दर मीटरला साधारण २५० ठिपके लागतात, म्हणजे चौकटीत दहाच मीटर रुंदी बसते. अख्खं बन एका कॅमेऱ्यात घेतलं की फक्त "कोणीतरी बसलंय" एवढं दिसतं. त्यामुळे बनावर लावूच नका. आत येण्याच्या चिंचोळ्या जागेवर लावा, साडेतीन ते चार मीटर उंचीवर. गाडीच्या नंबरासाठी अरुंद लेन्सचा वेगळा कॅमेरा, नाहीतर रात्री हेडलाइटच्या झोतात पाटी पांढरी फटक येते.

साठवण: एका कॅमेऱ्याला ३ एमबीपीएस धरले तर दिवसाला ३२ जीबी. तीन कॅमेरे, तीस दिवस, सुमारे २.९ टीबी. ४ टीबीची डिस्क घ्या. १ टीबी घेतलीत तर दहा दिवसांनी पुसलं जातं, आणि पोलीस फुटेज मागायला अकराव्या दिवशी येतात. नेटवर्कची तार १०० मीटरच्या पुढे चालत नाही.

किनाऱ्यावर काय बिघडतं: लोखंडी पेटी गंजते (प्लास्टिकची घ्या, स्क्रू स्टेनलेसचे), काचेवर खाऱ्याचा थर बसतो (आठवड्याला गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा), आणि कोळी. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, जाळं लेन्ससमोर, आणि रात्रभर पांढऱ्या दोऱ्या हलताना दिसतात. आतले दिवे बंद करून मीटरभर बाजूला वेगळा इन्फ्रारेड दिवा लावला की प्रश्न मिटतो. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग.

फुटेज न्यायालयात जायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून पाठवला की पुरावा म्हणून त्याची किंमत फार राहत नाही. फुटेज कोण बघू शकतं ती दोन नावं ठरावात लिहा.

रापणकार · दुपारी ३.४०

काचेबद्दल कोणीच बोललं नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे अनवाणी असतात. जाळ्यात आलेली फुटकी बाटली जाळं तर कापतेच, हातही.

वरच्या वाळूतली काच नुसती वेचून निघत नाही. बांधकामाची वाळू चाळायची चाळण घ्या, आधी १० मिमीची, मग ५ मिमीची. वरची १० ते १५ सेंमी वाळू चाळायची. भरतीरेषेच्या वरची, आणि दुपारची कोरडी. सकाळी दवाने ओली असते, जाळी लगेच बुजते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर दोन दिवसांनी परत बघा, खाली दबलेले तुकडे वर येतात. काच सिमेंटच्या गोणीत भरू नका, फाटते आणि पाय कापतो. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या बऱ्या. अख्ख्या बाटल्या वेगळ्या, फुटक्या वेगळ्या. भंगारवाला अख्ख्या नगावर घेतो, फुटक्या वजनावर, तेही घेतल्या तर.

कचऱ्याचं पिंप उघडं ठेवलं की बाटली लांबून फेकून फोडायचा खेळ सुरू होतो. झाकणाला १५ सेंमीचं भोक ठेवा. आणि दोनशे लिटरचं पिंप नको. बिअरची रिकामी बाटली जवळपास अर्धा किलो, सव्वाशे बसल्या की साठ किलोच्या वर, मग ते कोणी उचलत नाही आणि आठवड्यात पिंपाभोवतीच ढीग. पन्नास-साठ लिटरचं प्लास्टिकचं, साखळीने बांधलेलं.

निलगिरी जिल्ह्यात तमिळनाडू सरकारने २०२२ पासून बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन रिकामी परत केल्यावर द्यायला सुरुवात केली. बाटली पैशाची झाली की कोणी तरी वेचतोच. गावच्या पातळीवर हे दुकानदाराच्या मर्जीवर, पण विचारून बघा.

खाजणकाठ · सायंकाळी ६.३०

सगळं उतरवून घेतोय. शेडमध्ये रोज तीन-चार जण पडलेले असतात, त्यांचं काय? ते शिव्या देत नाहीत, पण शाळेची पोरं तिथूनच बस पकडतात. त्यांच्यावरही ८५ लावायला सांगू?

उपकेंद्र · सायंकाळी ७.१०

नका सांगू. सकाळी सातला प्यायलेला माणूस मजेसाठी पीत नाही, हात थरथरू नयेत म्हणून पितो. त्याला दंड केला तर तो पैसे घरातून काढतो.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर जिवावर बेततं. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, घाम, ताप, नसलेल्या गोष्टी दिसणं सुरू झालं तर ती तातडीची अवस्था, घरी बांधून ठेवायची नाही. "चार दिवस कोंडून ठेवा, सुटेल" हा गावठी उपाय म्हणूनच धोक्याचा. गावात अचानक मोठी कारवाई होणार असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळवा. पुढची सोय जिल्हा रुग्णालयात, आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर सल्ल्यासाठी टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. कोणी नेणार नसेल तर आशाताईंना सांगा, कुटुंबाशी बोलणं त्यांना जमतं.

आणि बेशुद्ध पडलेला दिसला तर उताणा ठेवू नका. कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे, तोंड जरा खालच्या बाजूला. उलटी घशात गेली की माणूस तिथेच जातो. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास घरघरत किंवा थांबून थांबून येत असेल तर रुग्णवाहिकेला, १०८ वर फोन.

दर्यावर्दी_बाबलो · रात्री ८.००

ह्यां सगळां करूक वेळ लागतलो. गावकी बसवून पिणाऱ्याक पाच हजार दंड आणि वाळीत टाकूचा, म्हणजे आठ दिवसांत बन रिकामां!

पंचनामा · रात्री ८.२५

बाबलोनू, आठ दिवसांत बन रिकामं होईल आणि नवव्या दिवशी तुम्ही आत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा वेगळा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. बैठकीत हात वर करणारेही त्यात येतात. गावकीला दंड करण्याचा अधिकार नाही. तसंच बाहेरच्यांच्या गाड्या अडवून किल्ल्या काढून घेणं म्हणजे तुमच्यावरच अटकावाचा गुन्हा. गाडीचा नंबर लिहा आणि ती निघताना ११२ ला (पोलिसांचा आपत्कालीन फोन) कळवा. पिऊन चालवणं हे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बनात बसलेल्याला पकडण्यापेक्षा नाक्यावर श्वास तपासणं पोलिसांना सोपं जातं, म्हणून हा फोन लवकर मानला जातो.

११२ ला दर वेळी एकाच माणसाने फोन करू नका, तो गावात उघडा पडतो. सहा जणांची पाळी लावा. तक्रारीचा क्रमांक मागून वहीत लिहा. दोन महिन्यांनी माहिती अधिकारात (१० रुपये, ३० दिवस) विचारा, या क्रमांकांवर काय कारवाई झाली.

आता ठराव. असा लिहा:

"दि. … ते दि. … या २८ दिवसांच्या नोंदवहीनुसार (प्रत सोबत) खांब क्र. … ते … दरम्यान शुक्र., शनि., रवि. सायं. ७.३० ते १०.०० या वेळेत सार्वजनिक मद्यपान व शिवीगाळ होते. ग्रामसभेची मागणी : १) पोलीस ठाण्याने सदर वारी व वेळी आठवड्यातून किमान दोनदा गस्त ठेवून निवारा शेडमधील गस्तवहीत सही करावी. २) सोबतच्या यादीतील व्यक्ती पंच म्हणून हजर राहतील. ३) वारंवार आढळणाऱ्यांवर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बी.एन.एस.एस.) कलम १२६ प्रमाणे प्रस्ताव पाठवावा. ४) ग्रामपंचायतीने १५ व्या दिवसापर्यंत झाकण असलेले पाच दिवे व फांद्या छाटणीची परवानगी यांचा पाठपुरावा करावा. ५) दोन महिन्यांनी आढावा."

प्रती ठाणे अंमलदार, तहसीलदार, उत्पादन शुल्क निरीक्षक. ठरावाआधी महिला ग्रामसभेत तो वाचून घ्या, तिथून आलेला ठराव मुख्य सभेत कोणी सहसा पाडत नाही.

खाजणकाठ · रात्री ९.३०

शेडजवळच्या दोन खांबांवरचे नंबर पार पुसलेत. आपणच रंगवले तर चालेल?

तारमास्तर · रात्री ९.४४

मनाने रंगवू नका. महावितरणच्या शाखा कार्यालयात लाईनमनला दोन्ही बाजूंच्या खांबांचे नंबर सांगा, तो मधले काढून देईल. मग तेच, काळ्या ऑइलपेंटने, पिवळ्या पट्टीवर, डोळ्यांच्या उंचीला. समुद्राच्या बाजूला तोंड नको, खाऱ्या वाऱ्याने वर्षात परत जातात.